गाळा घेण्याआधी मालक विचारा

विमानतळ आला, आता मॉलही येणार. विमानतळाजवळच्या आमच्या करंजाडेत दोन माणसं भेटली की बोलणं इथवर येतंच. ८ ऑक्टोबर २०२५ला नवी मुंबई विमानतळाचं उद्घाटन झालं, २५ डिसेंबरला प्रवासी विमानं सुरू झाली आणि गाळ्यांचे भाव चहाच्या टपरीवर निघू लागले. मॉल येईल तेव्हा जरूर येऊ दे. फक्त त्याचा मालक कोण राहणार, हे आधी विचारा. हा प्रश्न न विचारल्यामुळे मुंबईत अनेकांचे पैसे बुडाले आहेत.

भांडुपला लालबहादूर शास्त्री मार्गावर ड्रीम्स मॉल आहे. एचडीआयएल या बिल्डर कंपनीने तो बांधला, त्यात हजाराच्या आसपास गाळे पाडले आणि सुटे सुटे विकले. बिल्डरचा पैसा विक्रीतच वसूल झाला. पुढे गिऱ्हाईक आलं काय नि न आलं काय, त्याचं काही अडत नव्हतं.

सुट्या विक्रीने मॉल कसा मरतो ते नीट पाहा. प्रत्येक गाळेवाला जो पहिला भाडेकरू मिळेल त्याला दुकान देतो. मग एका ओळीत मोबाइल कव्हरची चार दुकानं, आणि अख्ख्या मजल्यावर एक धड कापडाचं दुकान नाही. लोक फिरकत नाहीत. काही शटर खाली येतात. बंद गाळ्यांचे मालक देखभालीचे पैसे थकवतात, तो बोजा चालू दुकानांवर पडतो. सरकता जिना थांबतो, एसी बंद होतो, दिवे निम्मे लागतात. मग उरलेलं गिऱ्हाईकही जातं. मोठी दुकानं आधीच निघून गेलेली असतात. मागे राहतो तो निवृत्तीचा फंड गाळ्यात घातलेला माणूस. त्याला भाडेकरू मिळत नाही आणि गाळा विकायला काढला तर घेणारा मिळत नाही.

ड्रीम्स मॉलचं प्रकरण एवढ्यावर थांबलं नाही. तिथल्या वादापायी राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणाला मॉलवर प्रशासक नेमावा लागला. त्याच मॉलच्या तिसऱ्या मजल्यावर कोविड रुग्णालय उघडलं गेलं. २५ मार्च २०२१च्या मध्यरात्री मॉलला आग लागली आणि रुग्णांचे जीव गेले. मॉलमध्ये रुग्णालय आपण पहिल्यांदाच पाहतोय, असं तेव्हाच्या महापौर किशोरी पेडणेकर घटनास्थळी म्हणाल्या. शहराच्या महापौरांना हे आगीनंतर कळावं, याचा मला आजही संताप येतो. ज्या इमारतीला हजार मालक असतात, तिची जबाबदारी कुणाचीच नसते.

ऑनलाइन खरेदीने मॉल मारले, हे कारण फार सोयीचं आहे. त्याच शास्त्री मार्गावर घाटकोपरला आर सिटी मॉल आहे. दोन्ही साधारण एकाच काळात उभे राहिले, दोन्हींच्या गिऱ्हाइकांकडे तेच मोबाइल आणि तीच ॲप. आर सिटीत आजही सुटीच्या दिवशी गाडी लावायला जागा शोधावी लागते. तिथली दुकानं भाड्याने दिलेली आहेत. अशा मॉलमध्ये ठरावीक भाड्याबरोबर दुकानाच्या विक्रीतला हिस्सा घेण्याची पद्धत असते. दुकान चाललं तरच मालकाची कमाई वाढते. म्हणून कुठलं दुकान कुठे हवं, जिना चालू आहे की नाही, स्वच्छतागृह धुतलं का, याची त्याला रोज काळजी असते.

नाइट फ्रँक या मालमत्ता सल्लागार कंपनीने २०२४ साली अहवाल दिला. देशातल्या आठ मोठ्या शहरांत चाळीस टक्क्यांहून जास्त जागा रिकामी असलेले मॉल २०२२मध्ये ५७ होते, २०२३मध्ये ६४ झाले. त्याच काळात मोठे, एकहाती चालवलेले मॉल भरत होते. एवढं समोर दिसत असताना करंजाडेने तीच ठेच पुन्हा खायची काही गरज नाही.

आणि करंजाडेत ती ठेच जास्त लागेल. विमानतळासाठी उठवलेल्या गावांतली कितीतरी कुटुंबं इथे आणि शेजारच्या वडघरला वसली आहेत. शेती गेली, खाडीवरची मासेमारी गेली, बदल्यात भूखंड मिळाले. आता त्यांच्या हातातला पैसा गाळ्यांकडे वळवायला दलाल टपलेले असतील. 'दरमहा भाड्याची हमी' असं कुणी सांगितलं तर त्याला एकच विचारा: भाडं इतकं खात्रीचं असेल तर बिल्डर गाळा स्वतःकडे का ठेवत नाही? उत्तर मिळेपर्यंत सही करू नका. भोगवटा प्रमाणपत्र आणि अग्निशमनाचा दाखला डोळ्यांनी पाहा. देखभालीचा खर्च कोण करणार, हे करारात लिहून घ्या.

नवी मुंबई वसवणाऱ्या सिडकोलाही सांगणं आहे. सीवूड्स स्थानकावर तुमच्याच निविदेतून मॉल उभा राहिला. २०१७पासून तो चालतोय, कारण लोकल रोज त्याच्या दारात माणसं आणून सोडते. करंजाडेत लोक अजून पाण्याच्या टँकरची वाट पाहतात. इथे पहिली गरज पक्क्या ओट्यांच्या मंडईची आहे, जिथे आगरी-कोळी बाया रस्त्याच्या कडेला न बसता छपराखाली मासळी विकतील, जिथे नळाला पाणी असेल आणि कचरा रोज उचलला जाईल. तिच्यासाठी भूखंड आधी राखून ठेवा. मॉलचा भूखंड नंतर काढा आणि काढाल तेव्हा निविदेतच अट घाला: गाळे सुटे विकता येणार नाहीत, बांधणाऱ्यानेच ते भाड्याने देऊन चालवायचे. ही अट मान्य नसलेल्या बिल्डरला करंजाडेत जमीन देऊ नका.