मरावं तर अहवाल आल्यावर

कोंबडीला बर्ड फ्लूने मरायची फार घाई असते, हा तिचा मोठाच दोष. जरा थांबली असती, तर मालकाच्या हातात चार पैसे तरी पडले असते.

थट्टा नाही, भरपाईचा नियमच तसा आहे. सरकारने मारलेल्या पक्ष्याचे पैसे मिळतात, विषाणूने मारलेल्याचे नाही. जानेवारी 2021 मध्ये परभणीच्या मुरुंब्यात दोन दिवसांत आठशेच्या आसपास कोंबड्या मेल्या. त्या हिशेबातून बाद. प्रयोगशाळेचा अहवाल आला, आणि मग किलोमीटरभरातल्या धडधाकट कोंबड्यांना भाव फुटला. अंड्यावरच्या मोठ्या कोंबडीला तेव्हाच्या दराने 90 रुपये!

म्हणजे सगळं अडतं अहवालापाशी. कोंबडीच्या घशात आणि गुदद्वारात काडी फिरवायची, काडी नळीत, नळी बर्फात, बर्फाचा डबा पुण्याला. शेवटचा शिक्का मात्र भोपाळच्या प्रयोगशाळेचाच. पीसीआरचं यंत्र काही तासांत बोलतं, बाकीचा वेळ गाडी, बर्फ आणि पत्रव्यवहार खातो. विषाणू वाढवूनच बघायचा म्हटलं, तर त्यालाही नऊ-दहा दिवस उबवलेलं कोंबडीचंच अंडं लागतं. बिचारीची सुटका कुठेच नाही.

तोवर शेडच्या दारात उभा असलेला पोल्ट्रीवाला राणीखेत रोगाचं गावठी नाव घेऊन म्हणतो, "मानमोडी असेल." तोही खोटं बोलत नसतो. हिरवट हगवण, घरघर, वाकडी मान, पटापट मरणं. दोन्ही रोगांत चित्र इतकं सारखं, की नुसत्या नजरेने सांगणारा डॉक्टर अजून जन्मायचाय. 2006 मध्ये नवापूरला देशातला पहिला बर्ड फ्लू निघाला, तेव्हाही आधी संशय मानमोडीवरच गेला होता.

आता पोल्ट्रीवाल्याचं गणित करून बघा. कळवलं, तर मेलेल्यांचे शून्य, शेडला सील, दहा किलोमीटरपर्यंत निगराणी आणि शेजारच्या शेडवाल्याच्या शिव्या. नाही कळवलं, तर रात्रीतून टेम्पो भरता येतो. यावर पशुसंवर्धन खात्याचा उतारा काय, तर जनजागृती! फलक लावायचा, चहा-बिस्किटं वाटायची, फोटो काढायचा. पोल्ट्रीवाला जागाच आहे हो, म्हणून तर रात्री टेम्पो भरतो.

नियमात एक ओळ घाला. पोल्ट्रीवाल्याने जनावरांच्या दवाखान्यात फोन केला, की त्या तासापासून मेलेली प्रत्येक कोंबडी सरकारी खात्यावर. पैसे जातील थोडे जास्त, पण नमुना भोपाळला निघेल तो पहिल्या पन्नास कोंबड्यांवरच, आठशेची वाट न बघता.