बाहेरची मदत घेऊ नये

पॅरिसमध्ये १९०४ साली स्थापन झालेला एक सायकल क्लब आहे, ऑडॅक्स क्लब पॅरिसियन. लांब पल्ल्याच्या सायकलस्वारांनी जगभर कसं वागावं, याचे नियम हा क्लब ठरवतो. ते नियम करणारी मंडळी कधी पोयनाडला येऊन गेलेली नसावीत, असं आता माझं ठाम मत आहे.

नियम तसे साधे आहेत. २०० किलोमीटर साडेतेरा तासांत, ३०० वीस तासांत, ४०० सत्तावीस आणि ६०० चाळीस तासांत. वाटेत ठरलेल्या ठिकाणी, म्हणजे कंट्रोलवर, कार्डावर शिक्का घ्यायचा. हेल्मेट, पुढेमागे दिवा, अंधारात चमकणारं जाकीट. ही शर्यत नाही, त्यामुळे नंबर नाही, बक्षीस नाही. पदक हवं तर त्याचे पैसे आपणच भरायचे. फार जोरात जाणाऱ्यांचीही पंचाईत आहे. २०० किलोमीटर पाच तास त्रेपन्न मिनिटांच्या आत उरकलेत तर शेवटचा कंट्रोल उघडलेलाच नसतो. (ही अडचण मला आली नाही.) आणि सगळ्यांत कडक नियम म्हणजे, दोन कंट्रोलच्या मधे बाहेरची मदत घ्यायची नाही. पंक्चर, भूक, पोटरीतले गोळे, सगळं ज्याचं त्यानं निस्तरायचं.

या प्रकाराला ब्रेव्हे म्हणतात. आपल्याकडे सगळे बीआरएम म्हणतात. पुण्याच्या दिव्या ताटे यांनी हे खूळ भारतात रुजवलं आणि आता गावोगावचे डॉक्टर, बँकवाले आणि आयटीवाले रविवारी पहाटे चमकती जाकिटं घालून हायवेला लागतात. पनवेल ते काशीद आणि परत, असा २०० किलोमीटरचा बेत होता. मी बायकोला सगळं नीट समजावून सांगितलं. तिनं ऐकून घेतलं आणि मग उजळणी केली.

"म्हणजे पैसे आपण भरायचे, पहाटे चारला उठायचं, दिवसभर उन्हात सायकल हाणायची, आणि पहिला आलास तरी कुणी विचारणार नाही?"

"पहिला येण्याचा प्रश्नच नाही."

"ते दिसतंयच. बरं, अलिबागवरून जातोच आहेस, तर पांढऱ्या कांद्याची एक माळ आण."

सकाळी सहाला पनवेलहून सुटलो तेव्हा माझ्याशेजारी एक काका होते. एसटीतून चालक म्हणून निवृत्त झालेले. आमच्या सायकली कार्बनच्या, ड्रॉप हँडलच्या, वाण्याच्या काट्यावर ग्रॅमग्रॅम मोजून घेतल्यासारख्या. त्यांची लोखंडी, मागे कॅरिअर, कॅरिअरला जुन्या ट्यूबची पट्टी. आयोजकांचा पोरगा सगळ्यांना बीआरएम म्हणजे काय ते समजावत होता. नवशिक्यांच्या डोक्यात ते उतरायला वेळ लागला. काकांना लागला नाही.

"म्हणजे लॉगशीट," ते म्हणाले. "कंट्रोलरची सही घ्यायची, पुढच्या स्टँडला गाडी वेळेत लावायची. एसटीत पहिला नंबर कुणाचा येतो का? गाडी टायमात आली, विषय संपला."

पॅरिसवाल्यांचं तत्त्वज्ञान इतक्या थोडक्यात मी अजून कुणाकडून ऐकलेलं नाही.

कर्नाळ्याची खिंड अंधारात गेली, खारपाड्याचा पूल धुक्यात गेला, पेण गेलं. काका प्रत्येक थांब्याचं नाव हलक्या आवाजात घेत होते, फक्त दोरी ओढून घंटी मारायची बाकी ठेवत होते. वडखळला मुंबई-गोवा रस्ता सोडून आम्ही अलिबागकडे वळलो, धरमतरची खाडी ओलांडली आणि पोयनाडच्या पुढे मदतीला सुरुवात झाली.

एक टेम्पो शेजारी आला आणि आमच्याच वेगानं चालू लागला.

"ओ दादूस, रेस हाय का?"

"नाही."

"मग सायकलीनं कशाला? टाका वर. गाडी रिकामीच चाललीय. पुढं कार्लेखिंडीचा चढ हाय."

मी म्हटलं, चालत नाही. नियम आहे.

"कुनाचा?"

"पॅरिसचा."

तो थोडा वेळ विचारात पडला. टेम्पोच्या मागे हॉर्न वाजायला लागले. "तिकडनं त्यान्ला दिसतं काय?" त्यानं विचारलं. या प्रश्नाला उत्तर नव्हतं. अख्खी कार्लेखिंड तो आमच्या पुढे पहिल्या गिअरमध्ये चालला, मन बदललंच तर हाताशी असावं म्हणून. माथ्यावर पोचल्यावर हात हलवला आणि दुखावल्यासारखा निघून गेला.

अलिबागच्या कंट्रोलवर माणूस नव्हता. अशा ठिकाणी तारीख, वेळ आणि गाव छापलेली एखादी पावती पुरावा म्हणून चालते, बहुधा एटीएमची. पहिल्या एटीएममध्ये कागद संपला होता. दुसऱ्यात कागद होता, पैसे संपले होते, आणि दारात घट्ट काळ्या चड्ड्या घातलेल्या माणसांची रांग होती. झाडूवाल्यानं थांबून विचारलं, "कुठनं आलात?"

"पनवेलहून."

"सायकलीनं? पावती घ्यायला?"

अलिबागहून आलाय का, या जुन्या टोमण्यावर बंदी घाला, अशी याचिका एका अलिबागकरानं मुंबई उच्च न्यायालयात केली होती. २०१९ मध्ये न्यायालयानं ती फेटाळली. असले विनोद मनावर घेऊ नयेत, असं समजावलं. माझं म्हणणं, अलिबागकरांनी कोर्टात जायला नको होतं. रविवारी सकाळी या एटीएमसमोर उभं राहायचं आणि एकेकाला "पनवेलहून आलात वाटतं?" एवढं विचारायचं, बास. शेवटी आम्ही औषधांच्या दुकानात शिरून ओआरएसचं पाकीट घेतलं आणि छापील बिल मिळवलं.

अलिबागची चुंबकीय वेधशाळाही योगायोगानं १९०४ चीच. मुंबईत विजेच्या ट्रामगाड्या येणार म्हटल्यावर कुलाब्याच्या वेधशाळेतल्या नाजूक सुया बिथरतील, म्हणून हे काम शांत, निवांत अलिबागेत हलवलं. रविवारी अलिबागेत शिरणाऱ्या मोटारींची रांग बघितली की त्या सुयांची काळजी वाटते. वेधशाळेच्या बांधकामात लोखंड टाळलंय असं मी सांगितलं, तेव्हा काकांनी आपल्या सायकलीकडे बघितलं आणि म्हणाले, "मग आपण जरा लांबनंच जाऊ."

नागाव, चौल, रेवदंडा हा या रस्त्याचा सगळ्यांत देखणा तुकडा. दोन्ही बाजूंना नारळ-सुपारीच्या वाड्या, रस्ता अरुंद, सावली गार. पंधराव्या शतकात अफानासी निकितिन नावाचा एक रशियन व्यापारी विकायला एक घोडा घेऊन याच चौलच्या बंदरात उतरला. रेवदंड्यात त्याचं स्मारक आहे. त्यानं लिहून ठेवलंय की इथले लोक अंगावर फार कपडे घालत नाहीत, आणि गोरा माणूस बघून घोळक्यानं मागे येतात. तेव्हापासून आजवर चौलकरांनी कपडे वाढवले आणि बाहेरून येणाऱ्यांनी कमी केले, एवढाच फरक. शाळकरी पोरांचा एक घोळका आमच्या मागे धावत होता आणि त्यातलं एक पोर गंभीरपणे दुसऱ्याला सांगत होतं, "आत डायपर असतंय."

रेवदंड्यात माझं मागचं चाक बसलं. जादा ट्यूब होती, ती घातली, पण हातपंपानं टायर काही कडक होईना. समोरच पंक्चरचं दुकान. दुकानदारानं टायर दोन बोटांत धरला, सोन्याची अंगठी पारखावी तसा फिरवला.

"टायर हाय का रबरबँड?" मग व्हॉल्व्ह बघितला. "आनि ह्यो काय?"

हा व्हॉल्व्ह पेन्सिलीएवढा बारीक असतो. त्याच्या टोकाला इवलासा स्क्रू. तो ढिला करून एकदा दाबावा लागतो, तेव्हा आतली वाट मोकळी होते; आणि मोटारीचा पंप त्याला बसत नाही, मधे पितळी टोपी लावावी लागते. हा व्हॉल्व्हही मूळचा फ्रान्सचाच. माझ्याकडची टोपी लावली. किती हवा, त्यानं विचारलं. मी म्हटलं, शंभर पौंड. त्यानं हातातली नळी खाली ठेवली.

"शंभर मी ट्रकला घालतो."

त्यानं दुकानातल्या सगळ्यांना बाजूला व्हायला सांगितलं, तोंड फिरवून हवा भरली, आणि टायर फुटला नाही हे बघून सर्वांत जास्त आनंद त्यालाच झाला. त्या आनंदात त्यानं पैसे घ्यायला नकार दिला. इथे नियमाचा पेच पडला. दुकानात पैसे मोजून काम करून घेतलं तर चालतं; फुकट केलं तर ती झाली मदत. मी नोट पुढे करतोय, तो मागे ढकलतोय, असं बराच वेळ चाललं. काकांनी घड्याळ बघितलं. शेवटी मी दुकानात बसलेल्या सगळ्यांचा चहा सांगितला तेव्हा हिशेब मिटला. त्यात पंधरा मिनिटं गेली, नियम वाचला.

कुंडलिकेच्या खाडीवरच्या पुलावरून साळाव गाठलं. पुढच्या चढावर पाठीला अचानक एक हात लागला आणि सायकल हलकी झाली. मोटारसायकलवरून चाललेले दोन तरुण. मागचा मला ढकलत होता. "सोड, सोड!" मी ओरडलो. "लाजू नका काका," तो म्हणाला. नको म्हणणारा पाहुणा खरा भुकेला असतो, हे कोकणात घरोघरी शिकवतात. त्यामुळे मी जेवढा ओरडलो तेवढा तो जोर लावत गेला. अखेर मी दोन्ही ब्रेक दाबून उतरलो, तेव्हा कुठे सुटका झाली. ढकललं गेलेलं अंतर मागे जाऊन पुन्हा चढावं, असं माझ्या सदसद्विवेकबुद्धीला वाटलं. पोटरीला वाटलं नाही.

कोर्लईला किल्ल्याच्या पायथ्याशी पोर्तुगीजांनी मागे सोडलेली एक बोली आजही घरात बोलली जाते. तिथे एक म्हातारबाबा मला त्या बोलीत काहीतरी म्हणाले. शब्द एकही कळला नाही, पण हात टेम्पोकडे दाखवत होता.

काशीदच्या कंट्रोलवर शिक्का पडला तेव्हा दुपारचे साडेबारा झाले होते. समुद्राकडे मी पाच मिनिटं बघितलं, बाकी वेळ आमलेट-पावाकडे. इथे घोड्यावर, उंटावर, पाण्यावर, सगळ्यावर बसायची सोय आहे; मला फक्त अजिबात न हलणाऱ्या वस्तूवर बसायचं होतं. पार्किंगमधून निघालेल्या एका लाल मोटारीनं आमच्यावर इतक्यांदा हॉर्न वाजवला की तिचा नंबर माझ्या लक्षात राहिला.

परतीला वाऱ्यानं गाठलं. रात्री आणि पहाटे जमिनीकडून समुद्राकडे वाहतात ते मतलई वारे, दिवसा जमीन तापल्यावर समुद्राकडून येतात ते खारे वारे. हे शाळेत दोन मार्कांसाठी पाठ केलं होतं. आपल्या किनाऱ्यावर हिवाळ्यात दुपारचा हा वारा वायव्येकडून येतो आणि काशीदहून अलिबागला जाताना तोंड उत्तरेला असतं, हे मात्र पुस्तकात नव्हतं. उतारावरही पायडल मारावं लागत होतं. नारळाच्या झावळ्या आमच्याकडे तोंड करून हलत होत्या. मी वाऱ्याला शिव्या दिल्या, काका म्हणाले, "ब्रेकडाउन झालेल्या गाडीचे प्याशिंजर उतरवून मागच्या गाडीत बसवतात. या माझ्या मागं," आणि पुढे होऊन त्यांनी मला आपल्या पाठीच्या आडोशाला घेतलं. एका स्वारानं दुसऱ्या स्वाराला केलेली मदत नियमात बसते. पॅरिसवाल्यांचं एवढं एक शहाणपण मान्य करायला हवं.

अलिबागच्या पुढे खंडाळे गावात रस्त्याच्या कडेला कांद्याच्या माळा टांगलेल्या होत्या. पातीची वेणी घालून गुंफलेल्या, हस्तिदंती, भौगोलिक मानांकन मिळालेल्या. विकणाऱ्या मावशींनी माझ्याकडे आणि सायकलीकडे बघून विचारलं, "हांडलला बांधू का गळ्यात घालू?" हँडलला बांधली तर प्रत्येक खड्ड्याला ती गुडघ्यावर आपटायला लागली. काकांच्या कॅरिअरची ती जुन्या ट्यूबची पट्टी इतक्या वेळानं कामाला आली.

वडखळला वाहनांची रांग पोयनाडच्या दिशेनं मैलभर मागे आली होती. मुंबईकडे परतणाऱ्यांचा रविवार इथे संपतो. आम्ही कडेच्या पट्टीवरून अलगद पुढे सरकत होतो, एकेक मोटार मागे टाकत, आणि त्यात ती लाल मोटारही होती. चालक काच खाली करून पुढे काय झालंय ते बघत होता. मी घंटी वाजवली. एकदाच, पण लांब.

खारपाड्याच्या अलीकडे अंधार पडायला लागला आणि शेतातून तो वास आला. पोपटी! मडक्यात भांबुर्ड्याचा पाला, त्यावर वालाच्या शेंगा, ओवा, जाडं मीठ, अंडी, बटाटे, कोंबडी; पाण्याचा थेंब नाही. मडकं उपडं ठेवून भोवती पेंढा पेटवायचा. पोरं नुकतीच मडकं फोडत होती.

"ओ काका, या!" एकानं हाक मारली. मी सवयीनं नियम सांगायला तोंड उघडलं. "नाय हो, ते कॅरिअरवरचे कांदे! चार द्या ना, आमचे ऱ्हायले आनायचे."

काकांनी माझ्याकडे बघितलं. मदत घेऊ नये असं लिहिलंय. देऊ नये असं कुठेही नाही. कांदे सुटले. बदल्यात पाल्यात बांधून शेंगा आणि दोन अंडी मिळाली, ती मी जर्सीच्या मागच्या खिशात टाकली. पुढचे पंचवीस किलोमीटर कंबर शेकत गेली आणि दिवसभरात पहिल्यांदाच दुखायची थांबली. हे मदतीत मोडतं का, ते मी कुणाला विचारलं नाही.

साडेसातला दहा-बारा मिनिटं कमी असताना पनवेलला पोचलो. आयोजकांच्या पोरानं शेवटचा शिक्का मारला. "बाहेरची मदत वगैरे घेतली नाही ना?" त्यानं विचारलं. काकांनी पाल्याचं गाठोडं उघडून त्याच्यासमोर ठेवलं. पोरगं सकाळपासून तिथेच बसलेलं होतं, पुढचं काही विचारलं नाही. काकांनी कार्ड दिव्याखाली धरून शिक्का नीट उमटलाय का ते तपासलं, वहाणा झटकल्या आणि त्याच सायकलीवरून घरी गेले.

आता नियम संपले होते. आता कुणाचीही मदत चालली असती. मी रस्त्याच्या कडेला उभा राहून हात दाखवत होतो. रिक्षा हळू होत, चालक आधी सायकलीकडे, मग उरलेल्या माळेकडे आणि मग माझ्या चड्डीकडे बघे, आणि एकूण एक रिक्षा पुढे निघून जाई.