रणधुरंधर, वजन दीड किलो

रोबोंच्या झुंजीत दीड किलोच्या गटात 1,502 ग्रॅमचा रोबो चालत नाही. दोन ग्रॅमसाठी कोणी अडवणार नाही, असं तुमसरच्या मामांचं म्हणणं. पण त्यांचा व्यवहार आजवर धानाच्या क्विंटलांशी. त्यांनी रोबोचं नाव 'रणधुरंधर' ठेवलं होतं, ते लाल ऑइल पेंटने रंगवलं होतं आणि खाली 'संकल्पना' म्हणून स्वतःचंही नाव घातलं होतं. संकल्पनेत मामांचा वाटा म्हणजे तो रंग.

"मामाजी, रंगाचंबी वजन होते ना जी," म्हणत भाचा पॉलिश पेपर घेऊन बसला. आधी मामांचंच नाव गेलं.

हे मामा म्हणजेच प्रस्तुत लेखक, हे सुज्ञांनी ओळखलं असेलच.

मामांना रोबोवर करवत, हातोडा आणि जमल्यास त्रिशूळ हवा होता. भाच्याने एकच फिरतं पातं ठेवलं. पात्याचं वजन दुप्पट केलं तर माराची ऊर्जा दुप्पट होते. वेग दुप्पट केला तर चौपट. शिवाय दात दोनऐवजी एकच. दोन दात भराभर येऊन नुसते खरवडतात. एकच असला की तो परत येईपर्यंत रोबो पुढे सरकलेला असतो आणि घाव खोल बसतो. दुसऱ्या बाजूला तोलासाठी तेवढाच भार. मामांनी हे सगळं मान डोलवत ऐकलं आणि त्याच संध्याकाळी पानठेल्यावर स्वतःचं म्हणून सांगितलं.

पातं ट्रकच्या कमानीच्या पट्टीचं. ग्राइंडरखाली फार तापलं तर पोलादाचं पाणी उतरतं, म्हणून गावातला मिस्त्री थांबत थांबत कापत होता. त्या पोलादात एक टक्क्याच्या आसपास मँगनीज असतं, आणि मँगनीज म्हटलं की मामांना आवरणं कठीण. तालुक्यातल्या चिखला आणि डोंगरी बुजुर्गच्या खाणी, 1896 साली सुरू झालेलं प्रॉस्पेक्टिंग सिंडिकेट, त्याचीच पुढे झालेली मॉइल, हे सगळं ते एका दमात सांगतात. डोंगरीचं मँगनीज डायऑक्साइड ड्राय बॅटरीच्या कारखान्यांना जातं, म्हणजे रात्री धानाच्या बांधावर जो टॉर्च लागतो त्यातही गाव असण्याची शक्यता आहे! इंग्लंडच्या रॉबर्ट हॅडफिल्डने 1882 मध्ये पोलादात बारा-तेरा टक्के मँगनीज घातलं, तर ते घाव बसतील तसं आणखी कठीण होऊ लागलं. दगड फोडणाऱ्या क्रशरचे जबडे त्याचे असतात, रेल्वेचे रूळ एकमेकांना छेदतात तिथले सांधेही. तुमसर रोड जंक्शनवर गाडी खडखडली की मामा सहप्रवाशांना हे ऐकवतात. सहप्रवासी तिरोडीच्या गाडीची चौकशी करतात.

एका गोष्टीवर मात्र मामा खरोखर चिडतात. गावातून खनिज वॅगनी भरून जातं, आणि मागोमाग पोरं पुण्याला. कमान अचूक कापणारा, बेअरिंग नुसत्या आवाजावरून ओळखणारा इथला माणूस 'मिस्त्री'च राहतो. तेच काम पवईला आयआयटीच्या टेकफेस्टमध्ये केलं की रोबोटिक्स होतं. मार्क थॉर्पने 1994 साली सॅन फ्रान्सिस्कोत रोबोंची जाहीर झुंज लावली, तेव्हा तिकडेही घरच्याच वर्कशॉपात ठोकाठोकी करणारे लोक आले होते. भाचा यावर काही बोलत नाही. पवईला जायला मुंबईचं रेल्वे तिकीट मात्र त्याने मिस्त्रीचंही काढायला सांगितलं आहे.

चाचणी गोदामात, धानाच्या पोत्यांआड झाली. पातं फिरलं, जुनी कढई उडाली, आणि थरथरीने रोबोचे स्क्रू ढिले झाले. पेच घट्ट धरणारं लोशन आणायला मामा हार्डवेअरच्या दुकानात गेले.

"कोन्या पंपाले पायजे?" दुकानदाराने विचारलं.

"आमच्या रोबोला," मामा म्हणाले, आणि एका दाताच्या पात्यापासून सुरू झाले. हॅडफिल्डपर्यंत पोचले तोवर मागे चौघे जण उभे होते, आणि त्यांतला एक पैसे पुढे करून म्हणाला, "भाऊ, माहा नळाचा वायसर देऊन टाका बाप्पा, घरी पानी वाहून रायलं."