स्निग्ध स्वभावाचे नाना

आमच्या सोसायटीत कुणाचाही रक्ताचा रिपोर्ट आला, की तो डॉक्टरांच्या आधी नानांकडे जातो. जातो म्हणजे, नाना येऊन घेऊन जातात. चष्मा कपाळावर सरकवून, कागद नाकाशी नेऊन ते एलडीएलचा आकडा वाचतात, ‘‘हं’’ म्हणतात आणि विचारतात, ‘‘पोळीला काय लावता?’’ समोरचा माणूस सिगरेट ओढतो का, जिना चढतो का, रात्री झोपतो का, याच्याशी नानांना कर्तव्य नसतं. माणूस किती जगणार हे त्याच्या पोळीला काय लागतं यावर ठरतं, अशी त्यांची श्रद्धा आहे.

असे नाना प्रत्येक सोसायटीत असतात. कुठे ते गूळ-साखरेचे असतात, कुठे सैंधवाचे, कुठे तांब्याच्या पिंपातल्या पाण्याचे. आम्हा डोंबिवलीकरांच्या वाट्याला लोणी आणि मार्गरीनचे आले. त्यातही यांचं असं, की ते एका बाजूला टिकत नाहीत. जगात लोण्याचे भक्त आहेत, मार्गरीनचेही असतील. पण दोन्हींचे आळीपाळीने कट्टर अनुयायी झालेले मी एवढे एकच पाहिले. आणि दर वेळी स्वर तोच, ठाम.

नानांचा जन्म डालड्याच्या भरभराटीतला. डालडा बाजारात आला १९३७ साली, आणि नाना रांगू लागेपर्यंत ताडाच्या झाडाचा तो पिवळा डबा घरोघरी पोचला होता. डबा रिकामा झाला की त्यात आधी डाळ, पत्रा गंजला की तुळस. नानांच्या मुंजीची जिलबी डालड्यात तळली होती. हे ते आता एखादा कौटुंबिक कलंक सांगावा तसं आवाज खाली आणून सांगतात. त्यांची धाकटी बहीण मात्र सांगते, की बटूने त्या दिवशी पंगतीत पैज लावून जिलब्या खाल्ल्या आणि संध्याकाळी भिक्षावळीला त्याला उठवता उठवता सगळे थकले.

पुढे नानांनी केमिस्ट्री घेऊन बी.एस्सी. केलं. ही गोष्ट त्यांच्या सासुरवाडीला महाग पडली. त्या काळी डालड्यासारख्या वनस्पती तुपात पाच टक्के तिळाचं तेल घालणं कायद्याने सक्तीचं होतं. हेतू असा, की कुणी साजूक तुपात वनस्पती मिसळलं तर पकडता यावं. तूप पातळ करायचं, तेवढंच तीव्र हायड्रोक्लोरिक आम्ल आणि चिमूटभर साखर घालून हलवायचं. तळाला लालसर गुलाबी रंग उतरला की भेसळ. शाळेच्या पुस्तकातला प्रयोग. बाकीच्यांनी तो मार्कांपुरता केला. नानांनी तो दिवाळसणाला केला.

सासूबाईंनी महिनाभर साय साठवून, विरजून, घुसळून, लोणी कढवून जावयासाठी तूप केलेलं. नानांनी ते नाकाशी नेलं आणि खिशातून कुपी काढली. कुपी, दिवाळसणाला, सिल्कच्या झब्ब्याच्या खिशात! सासरे पाटावरून उठून उभे राहिले. मेव्हणे परीक्षानळी बघायला भोवती जमले. पाच मिनिटं सगळं घर नळीच्या तळाकडे बघत होतं. रंग आला नाही. तूप शुद्ध निघालं, जावई मात्र त्या घरात कायमचे भेसळीचे ठरले. माई, म्हणजे नानांच्या सौभाग्यवती, हे सांगताना अजून हातातलं काम खाली ठेवतात.

मार्गरीनचं पर्व नव्वदीतलं. कचेरीतल्या तपासणीत कोलेस्टेरॉल अडीचशेच्या पुढे निघालं आणि नानांनी एका रविवारी लोणी, तूप, साय या तिघांना घराबाहेर काढलं. मुलगी न्यू जर्सीहून येताना साड्यांच्या घडीत गुंडाळून मार्गरीनचा डबा घेऊन आली. त्या डब्याचं मुखदर्शन सगळ्या मजल्यांना झालं. पाव भाजून, त्यावर ते पिवळं लावून नाना पाहुण्याच्या हातात देत आणि पाहुण्याने पहिला घास घेतला की इतिहास सुरू करत. १८६९ साली मेज-मूरिएस नावाच्या फ्रेंच माणसाने हे शोधलं, नेपोलियनने लोण्याला स्वस्त पर्याय शोधणाऱ्याला बक्षीस लावलं होतं म्हणून. हा तिसरा नेपोलियन, हे नाना सांगत नसत. त्यामुळे ऐकणाऱ्याच्या डोळ्यांसमोर वॉटर्लूवर पाव भाजणारे शिपाई येत. पुढचं वाक्य असे, ‘‘आणि ते पहिलं मार्गरीन गाईच्या चरबीचं होतं, बरं का!’’ शेजारच्या काकूंनी पावाचा तुकडा परत बशीत ठेवला आणि त्या पदराने ओठ पुसत राहिल्या. ‘‘आता वनस्पती तेलाचं असतं हो,’’ असं नाना म्हणेपर्यंत त्या जिन्यात होत्या.

नानांचं दुर्दैव हे, की ते प्रत्येक सिद्धान्ताकडे तो निवृत्त व्हायच्या सुमाराला पोचतात. तेलाला निकेलच्या सान्निध्यात हायड्रोजन देऊन घट्ट करताना काम अर्धवट सोडलं, की ट्रान्स फॅट तयार होतात. ती वाईट कोलेस्टेरॉल वाढवतात आणि चांगलं उतरवतात, हे मेन्सिंक आणि काटान या डच संशोधकांनी १९९० मध्येच दाखवलं होतं. नाना डबा मिरवत होते ते त्यानंतर. बातमी त्यांच्यापर्यंत आली तेव्हा त्यांनी दोन दिवस मौन पाळलं. तिसऱ्या दिवशी डबा घासून मोहरीला दिला आणि खाली येऊन म्हणाले, ‘‘मी पहिल्यापासून सांगत होतो.’’

मग जून २०१४ मध्ये ‘टाइम’ मासिकाने मुखपृष्ठावर लोण्याची लड छापून लोणी खा म्हणून सांगितलं. मुलीने फोटो पाठवला, नानांनी तो रंगीत छापून, लॅमिनेट करून फ्रिजवर लावला आणि थालीपिठावर लोण्याचा गोळा परतला. गोळा म्हणजे गोळाच. थालीपीठ खाली कुठेतरी असावं, एवढाच अंदाज यायचा. २०१७ मध्ये अमेरिकन हार्ट असोसिएशनने संपृक्त स्निग्धांश कमी करून त्याजागी असंपृक्त तेलं घ्या, असं पुन्हा बजावलं. ते मी नानांना वाचून दाखवलं. ते त्यांनी लॅमिनेट केलं नाही.

खरं तर प्रश्न लहान आहे. जुन्या पद्धतीचं, अर्धवट हायड्रोजन दिलेलं घट्ट मार्गरीन लोण्यापेक्षा वाईट. ट्रान्स फॅट नसलेलं, असंपृक्त तेलाचं मऊ मार्गरीन एलडीएलच्या हिशेबात लोण्यापेक्षा बरं. पाकिटातलं बटर घ्या नाहीतर मार्गरीन, दोन्हींत साधारण ऐंशी टक्के स्निग्धांशच असतो आणि शंभर ग्रॅममागे सातशेवर कॅलरी. वजनाच्या काट्याला पक्ष नसतो. पण दोन मिनिटांत मिटणारा प्रश्न नानांना नको असतो. निवृत्तीनंतर माणसाने करायचं काय?

माईंचं शास्त्र त्याहून सोपं. ‘‘घरच्या तुपाने काही होत नाही.’’ तुपाची बेरी साखर घालून त्या स्वतःच संपवतात, तीही घरचीच म्हणून. मी एकदा विचारलं, ‘‘माई, मग गुडघे?’’ तर म्हणाल्या, ‘‘ते लिफ्ट बंद असते ना, त्याने.’’

मागच्या खेपेला डॉक्टरांनी नानांची सगळी कैफियत ऐकून घेतली. डालडा, अमेरिका, टाइम, सगळं. मग त्यांनी फक्त विचारलं, ‘‘किती लावता?’’

‘‘लागेल तेवढं,’’ नाना म्हणाले. बाहेर आल्यावर मला म्हणाले, ‘‘माणूस चांगला आहे रे, पण वाचन नाही.’’

आणि हे नाना रोज सकाळी, संध्याकाळी चहाबरोबर खारी खातात. मोजून नाही. थालीपिठावर लोणी की मार्गरीन याचा वाद घालत असताना त्यांचा दुसरा हात खारीच्या बरणीत असतो. न राहवून मी एकदा विचारलं, ‘‘नाना, खारीत काय असतं?’’

‘‘मैदा.’’

‘‘आणि?’’

नाना थांबले. चहात बुडवलेली खारी तुटून कपात पडली, तरी त्यांचं लक्ष नव्हतं. मग चपला घालून निघालेच, मला बरोबर घेऊन.

बेकरीवाल्याने काही लपवलं नाही. लपवायचं कशाला? मैद्याच्या थरात घट्ट मार्गरीन घालायचं, लाटायचं, घडी घालायची, पुन्हा लाटायचं. भट्टीत आतल्या पाण्याची वाफ होते, मार्गरीन थरांना चिकटू देत नाही, आणि पापुद्रे सुटतात. लोण्याचीही होते खारी, पण मुंबईकडच्या उकाड्यात लोणी लाटण्याखालीच वितळायला लागतं, आणि भाव दुप्पट. नाना ऐकत होते. मुंजीपासूनचं सगळं आयुष्य त्यांच्या चेहऱ्यावरून सरकत असावं. पण हार मानतील ते नाना कसले? अन्नसुरक्षा प्राधिकरणाने जानेवारी २०२२ पासून तेला-तुपातल्या ट्रान्स फॅटची मर्यादा दोन टक्क्यांवर आणली आहे, हे त्यांना पाठ होतं. काउंटरवर बोट आपटून त्यांनी विचारलं, ‘‘ते जाऊ दे. दोन टक्क्यांच्या आत आहे ना?’’

‘‘काका, दोन टक्के काय घेऊन बसलात? रोजचं गिऱ्हाईक तुम्ही. किलोभर घ्या, पाच टक्के कमी करतो.’’

नानांनी माझ्याकडे पाहिलं, खिशातून पिशवी काढून झटकली आणि म्हणाले, ‘‘दे किलोभर. पण वरची नको, आतली कुरकुरीत दे.’’