कांबाराचा बर्फ, इंदापूरचा समुद्र

बारामती-इंदापूरकडच्या माणसाला समुद्र लांब आणि बर्फ त्याहून लांब. आमच्याकडे बर्फ म्हणजे रसवंतीवाला गोणपाटात गुंडाळून ठेवतो तो. तरी आमच्या भिंतीवर, साखर कारखान्याच्या कॅलेंडरशेजारी, जपानी चित्रकार हिरोशिगेचं एक चित्र टांगलंय. साधी प्रतच आहे. अस्सल चित्राएवढे पैसे असते तर आधी विहिरीवर नवी मोटार बसवली असती.

एदो ते क्योतो जाणाऱ्या तोकाइदो रस्त्यावरच्या मुक्कामांची त्यानं १८३३-३४च्या सुमारास मालिका केली, त्यातलं हे कांबारा गाव. रात्र, बर्फानं दबलेली छपरं आणि तिघं जण. दोघं इरली पांघरून चढ चढतायत. तिसरा अर्धवट मिटलेल्या छत्रीत डोकं खुपसून उलट दिशेला निघालाय, बाजाराच्या दिवशी वळवानं गाठलेल्या गिऱ्हाइकासारखा.

आता खरी मेख. कांबारा हे सुरुगा उपसागराच्या काठचं उबदार गाव. तिथं बर्फ पडलाच तर क्वचित, आणि असा ढीगभर तर नाहीच. म्हणजे गावाला समुद्र आहे, तो चित्रात नाही. चित्रात बर्फ आहे, तो गावाला नाही. आत्याला हे सांगितलं तर म्हणाली, "मग लेका, पैसं परत माग की!"

तिला पुढचं सांगायची माझी छाती झाली नाही. तो बर्फ छापलेलासुद्धा नाही! चेरीच्या लाकडाच्या फळ्या कोरायच्या, रंगागणिक वेगळा ठसा, त्यावर हातकागद पसरून मागून घासायचा. बर्फ हवा तिथं कागद कोराच सोडायचा. काळोखावर मात्र खरी मेहनत. छापणारा फळीवरचा रंग पुसत पुसत विरळ करतो, म्हणून काही प्रतींत अंधार वर आभाळात आहे, तर काहींत खाली छपरांना टेकलेला.

हिरोशिगेनं गावाचा समुद्र गाळला; इंदापूर तालुक्यानं नसलेला मिळवला. १९८० साली उजनी धरण पुरं झालं, भीमेचं पाणी मागं तुंबत भिगवणपर्यंत आलं. पळसदेवचं जुनं देऊळ त्यात गेलं, ते पाणी उतरलं की वर येतं. ज्यांची घरं-शेतं गेली त्यांना या किनाऱ्याचं कौतुक सांगायला जाऊ नये. थंडीत मात्र इथं रोहित येतात, पट्टकदंब येतात आणि चक्क कुरवही. कुरव म्हणजे समुद्रावरचा पक्षी. त्याची तरी आपल्या पाण्याबद्दल काही तक्रार दिसत नाही.

हिरोशिगेला याच पाण्याकाठच्या कुंभारगावचं काम दिलं असतं तर? पहाटेचं धुकं फुकटात, कोऱ्या कागदावर. रोहितांसाठी एक गुलाबी ठसा जादा. त्यांचे काडीसारखे पाय कोरताना कारागीर वैतागला असता, पण पाय पाण्यात बुडवायची सोय आहे. आत्याचा आग्रह, की काठावर एक कानटोपीवाला हवा आणि त्याच्या हातात चिलापीची पिशवी. प्रकाशकानं हे सगळं बघून घेतलं असतं आणि वर सुचवलं असतं, थोडा बर्फ टाका. कांबारात खपला, तो कुंभारगावात का खपू नये?