तुळशीचं जमलं

शिरूर तालुक्यात ज्याचं लग्न कधीच अडत नाही असं एकच स्थळ आहे, आणि ते अंगणात गप्प उभं असतं. कार्तिक शुद्ध द्वादशीपासून त्रिपुरी पौर्णिमेपर्यंतच्या संध्याकाळी त्याच्यासाठी राखलेल्या. मामा ठरलेला, मांडव ठरलेला, नवरा तर गेल्या वर्षीचाच. मानपानावरून आत्या रुसायचीही भानगड नाही. (आत्या रुसते, पण वेगळ्या कारणाने. तिकडे येतोच.)

मांडव उसाचा आणि ऊस आमच्या दादाचा. दादा म्हणजे माझा थोरला चुलतभाऊ. चार एकर बागायत, ट्रॅक्टर, विहिरीला पाणी, वय चौतीस. चौतीसच सांगायचं असा घरात ठराव झालेला आहे. घोड आणि भीमेच्या काठी असे दादा गावोगाव सापडतात. मुलीकडच्यांची अट एका ओळीत बसते : शेती हवी, शेतकरी नको. रांजणगावच्या एमआयडीसीत मशीनवर उभा राहणारा मुलगा चालतो. त्याला खोली भाड्याने देणारा बागायतदार मात्र बिनलग्नाचा.

दादा दरवर्षी दोन गोष्टींची वाट बघतो, कारखान्याच्या तोडीची आणि मुलीकडच्या होकाराची. दोन्हीकडून उत्तर एकच येतं, नोंद घेतलीय, कळवतो. अख्ख्या फडात वेळेवर तुटतात ते तुळशीचे पाच ऊस. त्यांना चिठ्ठी लागत नाही की टोळीच्या मुकादमाची मनधरणी.

पण तेवढे पाच आणायलाही हल्ली एकटं जात नाहीत. तालुक्यातल्याच पिंपरखेडला २०२५ साली बिबट्याने माणसं नेली, बायका गळ्यात खिळ्यांचे पट्टे घालून शेतात जाऊ लागल्या. त्यानंतर बिबट्या हा इकडे थट्टेचा विषय राहिलेला नाही. वनखातं सांगतं, घोळक्याने जा, उजेड ठेवा, आवाज करत राहा. त्यामुळे आम्ही पाच उसांसाठी दहा जण बॅटऱ्या घेऊन, मोबाइलवर गाणी लावून निघतो. बाळकृष्ण देवघरातून अंगणात येतो, म्हणजे सतरा पावलं. त्याला वरात कसली? वरात निघते ती उसाची, आणि तिच्यापुढे कोयता घेऊन दादा चालतो. गल्लीतल्या म्हाताऱ्या विचारतात, "कोणाचं रे लग्न?" दादा सांगतो, "तुळशीचं." म्हाताऱ्या "अगं बाई" म्हणतात, ते मात्र दादाकडे बघून.

खरं सांगायचं तर, स्थळ म्हणून बाळकृष्णात दादापेक्षा जास्त काय आहे? नोकरी नाही, गुरं राखायचा अनुभव आहे. रंग सावळा. आधीची लग्नं मोजायची सोय नाही. शिवाय पूर्वीचं प्रकरण गंभीर : जालंधराचं रूप घेऊन त्याच्या बायकोला, वृंदेला, फसवलं. तिने शाप दिला, देवाचा दगड झाला, तोच शाळिग्राम. मग वृंदेची तुळस झाली आणि तिच्याशी लग्न करायचं देवाला भाग पडलं. एवढी चौकशी मुलीकडच्यांनी केली असती तर पोहेसुद्धा झाले नसते. पण तुळस हुशार. ती सासरी जात नाही. वृंदावन तिचं, अंगण तिचं, पाणी घालणारी माणसं तिची. नवरा वर्षातून एकदा ऊस-बोरं-आवळे बघून येतो आणि अक्षता पडल्या की परत आपल्या देवघरात.

आता आत्या. ती दौंडला, रेल्वे क्वार्टरमध्ये. तुळस गॅलरीत, तेलाच्या डब्यात. ती लग्न पौर्णिमेला लावते, कारण तोवर आम्ही मोकळे होतो. पण न्हावरा, पारगावचा भीमेचा पूल, चौफुला हा रस्ता त्या दिवसांत उसाच्या ट्रेलरमागून कापायचा असतो. आम्ही पोचतो तेव्हा अक्षता पडलेल्या असतात आणि ताटात चुरमुरे उरलेले. म्हणून रुसवा. दौंडात पुण्याहून मनमाडकडे जाणाऱ्या गाड्यांचं इंजिन वर्षानुवर्षं उलट्या बाजूला लावलं जायचं. तिथं राहून आत्यालाही विषयाचं तोंड फिरवायची कला साधलीय. यंदा रुसव्यावरून ती सरळ दादाच्या स्थळावर आली.

"मुलगी रेल्वेत आहे. शेतकरी चालेल म्हणते."

आम्ही सगळ्यांनी चुरमुरे चघळायचं थांबवलं.

"फक्त दौंड सोडणार नाही म्हणते. त्यानेच येऊन-जाऊन राहायचं."

काका खाकरले. घरजावई हा शब्द कोणी उच्चारला नाही, पण तो खोलीत येऊन बसला होता. आजीने मात्र गॅलरीकडे बोट दाखवलं. "त्याला चालतंय ना? देव असून? मग ह्याला काय धाड भरलीय?" आणि डब्यातल्या तुळशीपुढच्या उरलेल्या अक्षता उचलून तिने दादाच्या डोक्यावर टाकल्या.

सगळे दादाकडे बघायला लागले. दादाने केसांतले तांदूळ झटकले, आत्याला मुलीचा फोन नंबर मागितला, खिशात ठेवला आणि म्हणाला, "आधी तोड तर होऊ दे."