कुठला तुकडा दिला?

आमच्या भरे गावात दारासमोर मोठी गाडी उभी राहिली की लोक गाडीचं नाव विचारत नाहीत, गट नंबर विचारतात. "कुठला तुकडा दिला?" एवढाच प्रश्न. त्यात हेवा नसतो, दुःखही फारसं नसतं. पाऊस किती झाला हे विचारावं तितक्या सहज विचारतात. मुळशी तालुक्यात मोठ्या गाड्या आल्या त्या बहुतेक याच वाटेनं. पिरंगुटला कारखाने होतेच, पलीकडे हिंजवडी उभी राहिली आणि भूगाव, भुकूम करत प्लॉटिंगचे दगड आमच्या बांधाला येऊन टेकले. शेत गेलं की आधी घराचा स्लॅब, मग पोरीचं लग्न, मग गाडी. गाडी पांढरी.

मी जमीन न विकता मोठी गाडी घेतली. घ्यायला दोन महिने लागले. विकली नाही हे गावाला पटवायला चार महिने झाले, अजून काम चालू आहे.

गाडी म्हणजे महिंद्राची अल्टुरस जी-फोर. नाव ऐकून तुमच्या डोळ्यांसमोर काहीही आलं नसेल तर तुमचा दोष नाही. तीच तिची अडचण होती, आणि माझी संधी. फॉर्च्युनर म्हटलं की पाच वर्षांचं पोरगंसुद्धा मान वळवतं. एन्डेव्हरचं तर विचारू नका. फोर्डनं २०२१च्या सप्टेंबरात भारतातलं उत्पादन थांबवायचं जाहीर केलं, तेव्हापासून तिचे मालक कर्ता पुरुष गेलेल्या घरातल्या दागिन्यासारखी ती जपतात. किंमत विचारली की आधी उसासा, मग आकडा. अल्टुरससाठी मात्र कुणी उसासे टाकले नाहीत. म्हणून ती माझ्यासारख्या पगारदाराला नव्याच्या निम्म्याहून कमी पैशात मिळाली.

तिची कुंडली मात्र कादंबरीच्या लायकीची आहे. मूळची ही कोरियाची, सँगयाँग कंपनीची रेक्स्टन. सँगयाँग म्हणजे दोन ड्रॅगन. २०११ साली महिंद्रानं या कंपनीतला सत्तर टक्के हिस्सा घेतला. पुढे नवी रेक्स्टन सुट्या भागांत चाकणला येऊ लागली, तिथे जोडून तिच्या तोंडावर महिंद्राची जाळी बसली आणि २४ नोव्हेंबर २०१८ला ती बाजारात आली. किंमत २६ लाख ९५ हजारांपासून पुढे. वर आपल्या राज्याचा डिझेल गाडीवरचा रस्ता कर म्हणजे आणखी चारेक लाख. मग करोना आला. महिंद्रानं २०२०त सँगयाँगमध्ये आणखी पैसा ओतायला नकार दिला, त्याच डिसेंबरात सँगयाँग कोरियात कोर्टाची पायरी चढली, २०२२त दुसऱ्या मालकाच्या घरी गेली आणि पुढच्या वर्षी नावही बदलून बसली. इकडे चाकणला २०२२च्या अखेरीस अल्टुरसचा खेळ संपला. सासर-माहेर दोन्ही तुटलेली अशी ही गाडी.

आता गंमत बघा. गाडी बाजारात आली शनिवारी. त्याच्या आदल्या दिवशी, शुक्रवारी २३ नोव्हेंबरला, प्रवीण तरडे यांचा 'मुळशी पॅटर्न' लागला होता. जमिनी विकून बसलेल्या शेतकऱ्यांच्या पोरांचं काय होतं, हे आमच्याच तालुक्यातल्या माणसानं पडद्यावर मांडलं आणि दुसऱ्या दिवशी चाकणची ही मोठी गाडी विक्रीला. योगायोगच. पण गावात हे सांगायची सोय नाही, सांगितलं तर लोक म्हणतील, "बघा, म्हणजे इकलीच."

गाडी बघायला कोथरूडला गेलो तेव्हा माझे वडील, म्हणजे आबा, बरोबर आले. आबांनी आयुष्यात गाडी घेतलेली नाही, पण बैल पंधरा-वीस घेतले आणि तेही चाकणच्या बाजारातून. "गाडी कुठं झाली?" असं त्यांनी विचारलं. चाकणला, म्हटल्यावर चेहरा उजळला. "मंग येतंय मला बघायला."

मालक निवृत्त बँक अधिकारी होते. पहिलंच वाक्य त्यांनी टाकलं, "गिअरबॉक्स मर्सिडीजचा आहे बरं का." खरंच आहे, सात गिअरचा ऑटोमॅटिक, मर्सिडीजकडूनच घेतलेला. पण अल्टुरस विकणारा प्रत्येक माणूस हे ज्या सुरात सांगतो तो सूर मला ओळखीचा वाटला. स्थळ सांगून येतं तेव्हा मुलाच्या नोकरीआधी 'मामा तहसीलदार आहेत' हे कळतं, तोच हा. आबांनी मामांकडे लक्ष दिलं नाही. ते गाडीभोवती उलट्या बाजूनं एक फेरी मारून आले, मागच्या पायाला, म्हणजे चाकाला, पायानं टोचून पाहिलं आणि मला बाजूला घेऊन म्हणाले, "दात कुठं बघायचं हिचं?"

बैलाचं वय दातावरून कळतं. आदत म्हणजे अजून दुधाचे दात, मग दुसा, चौसा, शेवटी जुळलेला. बैल विकणारा हेडी कितीही गोड बोलला तरी आबा जबडा उघडल्याशिवाय भावासाठी रुमालाखाली हात घालायचे नाहीत. शिंगं साळून, तेल लावून म्हातारा बैल तरणा करता येतो, दात करता येत नाहीत. मी म्हटलं, गाडीचं शिंग म्हणजे किलोमीटरचा आकडा. तो मागं फिरवणारे कारागीर आहेत, त्याच्यावर जायचं नाही. दात दुसरीकडे असतात. टायरच्या कडेवर चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. २३१९ म्हणजे २०१९ सालच्या तेविसाव्या आठवड्यात बनलेला टायर. प्रत्येक काचेच्या कोपऱ्यात बारीक अक्षरात वर्ष दडलेलं असतं. पाच काचा एका वर्षाच्या आणि सहावी पुढच्या सालची निघाली तर त्या बाजूनं कधीतरी काहीतरी आदळलंय. सीटबेल्ट पूर्ण ओढला की तळाशी शिवलेल्या पट्टीवरही तारीख सापडते. आबा हरखून गेले. "टायरलाबी दात असत्यात व्हय!" म्हणत गुडघ्यावर बसून त्यांनी चारी टायर वाचले. मग स्टेपनीही वाचायची म्हणून गाडीखाली वाकले. बँकवाल्या काकांनी घाईघाईनं चहा सांगितला.

मिस्त्रीला दुसऱ्या खेपेला नेलं. त्यानं गाडी थंड असतानाच यायचं अशी अट घातली होती. पहाटेच्या गार इंजिनाचा पहिला धूर खरं बोलतो म्हणे, तापल्यावर सगळीच इंजिनं गोड बोलतात. त्यानं तेलाचं झाकण काढून आतून बोट फिरवलं, पांढरट साय नाही असं बघितलं, दाराचं रबर ओढून खालच्या पत्र्याचे जोड तपासले, खड्ड्यातून डुगडुग ऐकत एक चक्कर मारली आणि म्हणाला, "घ्या. पण भाऊ, मागचा दिवा फुटला तर आणायचा कुठून, ते आत्ताच शोधून ठेवा." बंद झालेली गाडी घेताना सगळा उपदेश या एका दिव्याभोवती फिरतो. इंजिनाची कुणाला भीती नाही. तेव्हापासून मी रिव्हर्स घेताना आमच्या घरच्या म्हशीला पाहुण्यासारखं आदरानं बाजूला करतो.

कागदांची वेळ आली तशी आबा पुन्हा पुढे सरसावले. आरसी बुक त्यांनी सातबाऱ्यासारखं धरलं. वरती मालकाचं नाव, ठीक. "इतर हक्कात काय हाय?" मी दाखवलं, बँकेचं नाव आहे, कर्ज फिटलंय पण नोंद काढायची राहिली आहे. "म्हंजी बोजा हाय!" अगदी बरोबर. सातबाऱ्यावरचा बोजा उतरवायला तलाठ्याकडे जायचं आणि गाडीवरचा उतरवायला बँकेची एनओसी व फॉर्म ३५ घेऊन आरटीओकडे, एवढाच फरक. मग विकणाऱ्यानं २९ भरायचा, दोघांनी मिळून ३०. आबांना एवढ्यानं समाधान नव्हतं. जमीन घेताना वकील तीस वर्षांचा शोध घेतो, तसा हिचा घ्यावा असा त्यांचा आग्रह. गाडी पाच वर्षांची आहे, हे सांगितल्यावर म्हणाले, "मंग पाच तरी घे."

चांदणी चौकातला नवा पूल उतरून, भूगावची कोंडी भोगून, पिरंगुटवरून घोटवडे फाट्याला वळलो तोवर अंधार पडला होता. खरी परीक्षा गावात. गाडीची रुंदी १९६० मिलिमीटर, साधारण साडेसहा फूट. आमच्या आळीची रुंदी आजोबांच्या काळात भारा घेतलेल्या बाईला आणि समोरून आलेल्या बैलाला जाता येईल अशा हिशेबानं ठरलेली. एका बाजूला चुलत्यांचा ओटा, दुसऱ्या बाजूला शेणकुटाचा उडवा. मी बटण दाबलं आणि दोन्ही आरसे आत मिटले. पोरं ओरडली, "गाडीनं कान पाडले!" अर्ध्या तासात, पुढे बारा माणसं आणि मागे बावीस सूचना घेऊन, गाडी अंगणात आली. तोवर बातमी नदीपलीकडे गेली होती.

सकाळी पहिला फोन भोरहून, थोरल्या ताईचा. अभिनंदन नाही, काही नाही. "माझी सही न घेता कसं काय केलंस रे?" २००५च्या दुरुस्तीनं मुलींना वडिलोपार्जित जमिनीत बरोबरीचा हक्क दिला तेव्हापासून आमच्याकडे गाडी आधी बहिणींना कळते. मी शपथा घेतल्या. ताई म्हणाली, "बरं, मग खालची ओढ्याकडची दिली का?" चुलतभावानं विचारलंच नाही, त्यानं गुपचूप महाभूलेखवर आमचा सातबारा काढला, नाव जागेवर आहे हे पाहिलं आणि फेरफार अजून पडला नसेल असा निष्कर्ष काढला. प्लॉटिंगवाला एजंट दोनदा येऊन गेला. एक तुकडा दिलाच आहे तर शेजारचाही सोबत दिल्यास भाव बरा येईल, असं त्याचं म्हणणं.

शेवटी मी खरं सांगून टाकायचं ठरवलं. जुनी आहे, कंपनीनं बंद केलेली आहे, म्हणून स्वस्तात मिळाली. त्याचा परिणाम भलताच झाला. पाणवठ्यावर आईनं हे पुढे सांगितलं ते असं, "आमच्या ह्यानं बंद पडलेली गाडी आणली." चालू गाडी अंगणात उभी असताना दोघेजण ढकलायला आले. नाक्यावरचा एक जण तर हळहळला, "जमीन जाऊन गाडीबी बंद निघाली का?" आईचं मला पुढे एक मत कळलं. जमीन विकली म्हटलेलं तिला चालणार होतं. तसं सगळ्यांनीच केलंय. जुनी गाडी घेतली हे मात्र सुनेच्या माहेरी कळू द्यायचं नाही.

आबांची बाजू वेगळी. त्यांना जमीन विकल्याचा आळ झोंबतो, गाडी बंद झाल्याचं काहीच वाटत नाही. "कोर्टानं बैलगाड्याच्या शर्यती २०१४ला बंद केल्या. २०२१ला परत झाल्या का न्हाय चालू? कोरियावालंबी करतील." सात वर्षं ज्यानं पळणारा बैल नुसता दावणीला खाऊ घालून सांभाळला, त्याला मागच्या दिव्याची भीती काय दाखवायची! फक्त एका गोष्टीवर त्यांचा विश्वास बसत नाही. पुढच्या सीटमधून थंड वारा येतो, ती सोय आहे. आबांचं ठाम मत की खाली कुठेतरी भोक पडलंय आणि मी ते लपवतोय. बसताना ते खाली पोतं अंथरतात.

श्रावणात त्यांना पुण्याला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेत होतो. चांदणी चौकाच्या अलीकडे पोलिसानं हात केला. मी काच खाली घेतली. मी पाकीट शोधेपर्यंत आबांनी पुढचा खण उघडून लॅमिनेट केलेला एक कागद बाहेर सरकवला. त्यांनी तो कधी करून आणला आणि कधी तिथे ठेवला, मला पत्ता नव्हता. पोलिसानं कागद उलटसुलट केला.

"आबा, हा सातबारा हाय. गाडीचं दाखवा."

"त्ये दावतो. आधी ह्ये नीट वाचा. तारीख बघा, गेल्याच महिन्यातला हाय."

पोलीस पौडकडचाच निघाला असावा. त्यानं खरंच वाचलं. गट नंबर, क्षेत्र, नावं, इतर हक्कातला रिकामा रकाना. मग गाडीच्या पुढच्या टोकापासून मागच्या दिव्यापर्यंत एक नजर टाकली, कागद परत दिला आणि खिडकीशी वाकून आवाज उतरवून म्हणाला,

"मग आबा, कुठला तुकडा दिला?"